सगळ्यांचे हात वर

झरीच्या बाजूच्या एका गावात मी ग्रामसेवक होतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आसपासच्या गावांत घरं जळाली होती. आमच्या गावात अजून काही झालं नव्हतं. अशात नळयोजना आली. नळ थेट बौद्धवाड्यापर्यंत जाणार होता, आणि पाइपासाठीचा चर गावानं श्रमदानातून खोदायचा होता.

मी सभा घेतली. योजना समजावली, मंजुरी विचारली. सगळ्यांचे हात वर गेले. कुणी एकही शंका काढली नाही. मी हरखलो. बौद्धवाड्यातले निवृत्त गुरुजी मला फाट्यापर्यंत सोडायला आले.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "लोक भांडले असते तर बरं वाटलं असतं. गप ऱ्हायलेत, त्याचं भ्या वाटायलंय."

पहिले काही दिवस काम झपाट्यानं झालं. चर देवळामागून बौद्धवाड्याकडे वळला, त्या सकाळी मात्र कुदळी घेऊन फक्त तिथलेच लोक आले. बाकीचे पारावर बसून बघत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "चला की."

"तुमी चालू द्या," सभेत पहिला हात वर करणारे मोठे बागायतदार शांतपणे म्हणाले. "आमचा पाठिंबा हायच."

दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर चर बुजवलेला. वरची माती पायांनी दाबून सपाट केलेली. एकट्यादुकट्याचं काम नव्हतं ते. मी घरोघर फिरलो. चहा सगळ्यांनी दिला. बागायतदारांनी तर पान लावून दिलं आणि म्हणाले, "लेकराबाळांचे धनी तुमी. बदली मागून घ्या."

तरी गुरुजींसोबत मी कुदळ घेतली. दुपारी वरच्या आळीतला एक कोरडवाहू शेतकरी फावडं घेऊन आला.

"मी बी हात वर केल्ता," एवढंच बोलून तो चरात उतरला.

संध्याकाळी त्याच्या शेताकडून धूर दिसला. कडब्याची गंजी पेटली होती. पारावरून कुणी उठलं नाही. विझवायला आम्हीच धावलो. फार काही वाचलं नाही.

चर पुरा झाला, पाणी आलं. बौद्धवाड्यातल्या बायका घागरी भरत, आणि तिथलाच कुणीतरी माणूस राखणीला रस्त्याकडे तोंड करून उभा असे.

त्या वर्षी पोळ्याला शेतकऱ्याचे बैल देवळापुढच्या रांगेत घेतले नाहीत. त्यानं ते तसेच सजवलेले बौद्धवाड्यातून नेले. गुरुजींच्या घरून बैलांना पुरणपोळीचा घास आला. पारावरची माणसं मान वळवून बघत राहिली.