टाकीचा घेर आणि आप्पांचं वाक्य

"शेठ, आप्पांना एकदा मार्किंग करू द्या," मी म्हणालो.

आमच्या शेडमध्ये दुधाच्या टाक्या बनतात. सपाट प्लेट रोलिंग मशीनमधून काढून गोल करायची. ती आधी किती लांब कापायची ते ठरवणं म्हणजे मार्किंग. टाकीच्या डायाला, म्हणजे आरपार रुंदीला, ३.१४१५ नं गुणायचं.

आठवीत शाळा सोडून मी वाशिमहून कोल्हापूरला आलो. इथं माझं कुणी नव्हतं. पहिली भाकरी मिळाली ती आप्पांच्या डब्यातली. आप्पा कोडोलीचे, आमचे हेड फिटर. हा आकडा माझ्या डोक्यात टिकेना, तेव्हा ते म्हणाले, "आकडा सोडा, पावणं. एवढंच म्हणा: भाकरी खा पोटभर, ये कारखान्यात. आता शब्दाशब्दातली अक्षरं मोजा." तीन, एक, चार, एक, पाच. त्या वाक्यावर माझा संसार उभा राहिला.

गेल्या वर्षी आप्पांना अर्धांगाचा झटका आला. हात सावरला. डोकं मात्र मध्येच अडायचं. घरी बसवलं तर माणूस खचेल, याची मला धास्ती.

शेठ म्हणाले, "एक मार्किंग बरोबर येऊ दे, आप्पा उद्यापासनं कामावर."

आप्पांनी खडू घेतला. "डाया?"

"दोन मीटर."

त्यांनी वाक्य खणखणीत म्हटलं. मग मोजायला लागले. भाकरी, एक बोट मुडपलं. खा, दुसरं. पोटभर, तिसरं. कारखान्यात म्हणेपर्यंत मूठ मिटली.

"पाच! बे पंचे दहा. दहा मीटर काप!"

हवे होते सव्वासहाच्या थोडे वर.

"आप्पा, अक्षरं मोजा ना," मी हळूच म्हणालो.

"मोजली की! मला शिकवतोस व्हय रं?" ते हसले. दुसरं कुणी हसलं नाही. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. "चुकलं न्हवं?"

शेठ म्हणाले, "न्हाय आप्पा, एवढी लांब प्लेटच न्हाय आपल्याकडं."

"लबाड बोलू नगा, शेठ." त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि चप्पल शोधायला लागले. त्यांना कोडोलीच्या गाडीत मीच बसवून आलो. परत येऊन ती प्लेट मार्क केली.

आता मार्किंग माझ्याकडं आहे. नव्या माणसाला मी वाक्य शिकवतो, पण भिंतीवर आकडाही पेंटनं लिहून ठेवलाय. वाक्य डोक्यात राहतं. ते मोजायचं कसं, हे राहीलच असं नाही.