ग्रंथकार दादा आणि शिट्टी मारणारी बाटली

माझा मोठा भाऊ माहितीपुस्तकं लिहितो. त्याची कंपनी घरी वापरायची वैद्यकीय यंत्रं बनवते. यंत्राच्या खोक्यात तळाशी जे जाडजूड पुस्तक निघतं आणि जे कुणी उघडत नाही, ते आमच्या दादाचं. घरात त्याला सगळे ग्रंथकार म्हणतात. बाकीचे कौतुकाने म्हणतात, मी कौतुकाने म्हणत नाही.

त्याच्या ऑफिसात एक रीत आहे. पुस्तक छापायला जाण्याआधी प्रत्येक विभागाच्या साहेबाकडे सहीला जातं, आणि नुसती सही करून परत पाठवणं कुठल्याही साहेबाला कमीपणाचं वाटतं. आपण वाचलंय हे दिसायला हवं, म्हणून प्रत्येक जण एखादं वाक्य घुसडतो. विक्रीवाले अभिनंदन घालतात, कायदेवाले धमक्या घालतात, संशोधनवाले स्वतःची हुशारी घालतात. काढत कुणीच काही नाही. दादाला याचा संताप यायला हवा, पण गडी खूश. पुस्तक फुगलं की याचीही छाती फुगायची. बाबांची तीच तऱ्हा. आल्यागेल्याला पुस्तक हातात द्यायचे, ‘आमच्या मोठ्याने लिहिलंय’ म्हणायचे, आणि पाहुणा दोन पानं चाळून अदबीने खाली ठेवायचा.

मग बाबांच्या फुफ्फुसांनी दगा दिला. हॉस्पिटलातून ते घरी आले ते दादाच्याच कंपनीचं ऑक्सिजनचं मशीन घेऊन. मशीनला पाण्याची बाटली, बाटलीला लांब नळी, नळीचं टोक बाबांच्या नाकाला. बाबा थोडा वेळ मशीनशिवाय राहू शकतील, फार वेळ नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांबरोबर मी राहते, तेव्हा माझ्या चष्म्याच्या दुकानाचं शटर खाली आलं. बाबांना मशीन स्वतःचं स्वतः सांभाळता येईपर्यंत ते वर जाणार नव्हतं. बाबांनाही चोवीस तास डोक्यावर बसलेली मुलगी नको होती. मी काय तान्हं बाळ आहे का, असं ते दिवसातून अनेकदा विचारायचे, मधे मधे धाप टाकत.

एका दुपारी बाटली शिट्टी मारायला लागली. बाबांचा चेहरा उतरला. मी ग्रंथ उघडला. आधी माझं हार्दिक अभिनंदन झालं. मग कंपनी कशाकशाला जबाबदार नाही ते कळलं. मग सापडलं: ‘प्रवाहमार्गातील संभाव्य अवरोधाचे निराकरण करून यंत्राची कार्यस्थिती पूर्ववत करण्यात यावी.’ मी ग्रंथ भिरकावला आणि ग्रंथकाराला फोन लावला.

“अगं, नळी दुमडली असेल,” तो म्हणाला. “पलंगाच्या पायाखाली बघ.”

पलंगाच्या पायाखालीच होती. नळी सोडवली, शिट्टी थांबली, बाबांच्या तोंडावर रंग आला. मी त्याला विचारलं की हेच पुस्तकात का नाही. तर म्हणे, असं लिहिलं तर ते लेखन वाटत नाही.

संध्याकाळी त्याला बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं: बाबांना एकट्याने मशीन चालवता येईल असा कागद लिहून आण. तोवर रजा काढ आणि माझ्या दुकानात बस. दादाला गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं तरी घाम फुटतो. कागद दुसऱ्याच दिवशी आला.

मी अट घातली की बाबा वाचतील, करतील, आणि दादा कोपऱ्यात तोंड मिटून बसेल. पहिली ओळ होती, ‘यंत्राची स्थिती तपासून घ्यावी.’ बाबांनी मशीनकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, स्थिती उत्तम आहे म्हणाले आणि पुढे गेले. दादा चुळबुळला. पुढे होतं, ‘बाटली काढून पाणी भरावे, तत्पूर्वी यंत्र बंद केलेले असावे.’ बाबांनी चालू मशीनची बाटली फिरवून काढली.

“बाबा, आधी बंद करायचं! लिहिलंय ना पुढे!”

“पुढचं मी आधी कसं वाचणार?” बाबा म्हणाले.

दादाने खिशातलं पेन काढलं. माणूस वाचत जातो तसतसा त्याचा हात चालतो, हे या गृहस्थाला केस पांढरे व्हायला लागल्यावर समजत होतं, तेही स्वतःच्या बापाकडून. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं, पण जास्त हसूच आलं.

त्यानंतर तो रोज ऑफिस सुटल्यावर यायचा. बाबा अडखळले की त्याचं एखादं लाडकं वाक्य कापलं जायचं, आणि प्रत्येक वेळी तो दात उपटल्यासारखं तोंड करायचा. शेवटी उरलं ते इतकंच: ‘बाटली शिट्टी मारत असेल तर नळी कुठेतरी दबली आहे. बाटलीपासून नाकापर्यंत हात फिरवत जा. दबलेली जागा मोकळी करा. आता नळीचं टोक ग्लासातल्या पाण्यात धरा. बुडबुडे आले की टोक पुसून नाकाला लावा.’ बुडबुडे आले नाहीत तर कुणाला फोन करायचा, ते खाली. पाणी भरायचं वेगळं, आणि त्याची पहिली ओळ, ‘मशीन बंद करा.’

मोठ्या उत्साहाने त्याने तो कागद ऑफिसात नेला. त्याचे साहेब म्हणाले की हे तर कुणीही लिहील, मग तुम्हाला पगार कशाचा देतो? सह्या फिरून कागद परत आला तेव्हा वरती ‘हार्दिक अभिनंदन’ होतं आणि नळी तिसऱ्या पानावर गेली होती. दादाने मूळ कागदच बाबांच्या पलंगाशेजारी भिंतीला चिकटवला. त्या दिवशी त्याची खेचायचं मी टाळलं.

मी दुकान उघडलं. घरी फोन करायचा नाही, असं बाबांनी वचन घेतलं होतं. संध्याकाळी मी धावतच घरी आले, पाठोपाठ दादा. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. बाजूला पाण्याचा ग्लास होता.

“वाजली होती,” ते पेपरातून मान वर न करता म्हणाले. “खुर्चीखाली आली होती नळी. काढली, बुडबुडे बघितले, लावली.”

दादाने जरा घुटमळत विचारलं, कागदाचा उपयोग झाला का.

“कागदाचं काय? मशीनच सोपं आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी तू ते जाडं पुस्तक कशाला लिहिलंस, तेच कळत नाही.”

दादाने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मग भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, आणि मिटलं.