अमेरिकावाल्याचे दोन सत्कार

नव्वदच्या दशकात मी जालन्याच्या शाळेत शिकवायला जायचो, त्या राजूरहून निघणाऱ्या सकाळच्या एसटीत तो रोज दिसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळी गाडी त्याला 'अमेरिकावाले' म्हणायची. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होता आणि पुढं अमेरिकेत शिकायला जाणार होता. फक्त व्हिसा यायचा बाकी होता. पण असल्या किरकोळ गोष्टीसाठी गाव थोडंच थांबतं? फेटा बांधून, शाल-श्रीफळ देऊन गावानं त्याचा सत्कार उरकूनही टाकला होता. सरपंचांनी तर तिकडच्या शेतकऱ्यांना रामराम सांगायला सांगितलं होतं.

भर एप्रिलात तो लोकरीचा कोट घालून बसायचा. "आतापासून सवय करून राह्यलो," म्हणायचा आणि घाम टिपायचा. कंडक्टर त्याला खिडकीची जागा द्यायचा. परदेशी माणसाचा मान!

मग व्हिसा नाकारला गेला. तो कुणाला काही न सांगता परभणीला बहिणीकडं जाऊन राहिला. गावाला वाटलं, अमेरिकेलाच गेला. दोन महिन्यांनी परतला, तर गाव हार घेऊन स्टँडवर उभं. परदेशातून आल्याबद्दल दुसरा सत्कार!

"खरं सांगणारच होतो हो सर," तो मला गाडीत म्हणाला, "पण तोंड उघडलं की पेढाच कोंबला त्यांनी."

गावाला अमेरिकेशी काही देणंघेणं नव्हतंच. हार वाया जाऊ नये, एवढंच होतं.

पुढं परदेशी शिकायला निघालेली पोरं सल्ल्याला त्याच्याकडंच येऊ लागली. तोही कोटाची बटणं लावून प्रत्येकाला एकच सांगायचा, "आधी तिथं पोचा. मंग गावाला सांगा."