डाग देणाऱ्याची मान

आंबवड्याच्या वरच्या धनगरवाड्यात बिरू म्हणजे मानेच्या गाठींचा बादशहा. गाठ दिसली की दोन बोटं फिरवायचा, "गंडमाळ हाय" म्हणायचा आणि तापल्या सळईनं चर्रकन डाग द्यायचा. माणूस बरा झाला तर बिरूचा गुण, नाही झाला तर त्यानं पथ्य मोडलं. माझ्याही मानेवर त्याचा डाग आहे. माझी दाढ किडली होती. दाढ पडली, गाठ गेली, डाग राहिला. पण "मला ठाऊक न्हाई" हे बिरूच्या तोंडून बिरोबानंही कधी ऐकलं नसेल.

छप्पन साली त्याच्याच मानेवर गाठी आल्या. अर्धा वाडा सळया घेऊन त्याच्या दारात उभा, सर्वांत पुढे मी. गडी इतका भ्याला की धोतर सावरत भोरला पळाला आणि पुण्याची एसटी धरली.

"दुसऱ्याला डागताना लई शूर!" त्याची बायको सारजाबाई म्हणाल्या, पण बोचकं घेऊन मागोमाग गेल्याच.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर मान चाचपून म्हणाले, "वरून हात लावून कळत नाही. एक गाठ काढून दुर्बिणीखाली बघावी लागेल."

"आं? येवडं शिकून हातानं कळत न्हाई?" बिरूला डॉक्टरांची कीवच आली.

शेजारच्या खाटेवर भोंगवलीचे रखमाजी होते. त्यांचीही गाठ काढून तपासायला गेली होती आणि धास्तीनं अन्न तुटलं होतं. बिरूला राहवेना. त्यानं त्यांच्या मानेवर दोन बोटं फिरवली.

"दादा, अगदी माज्यावानी. गंडमाळच. जेवा बिनघोर."

रखमाजी पोटभर जेवले.

निकाल आला. बिरूला गाठीचा टीबी, म्हणजे गंडमाळच. इंजेक्शनांनी बरा होणार होता. "म्या काय सांगत हुतो?" म्हणत तो ऐटीत उठून बसला.

रखमाजींना कॅन्सर निघाला. त्यांनी डॉक्टरांकडे नाही, बिरूकडे पाहिलं.

"तुमी तर म्हणाला हुता," एवढंच बोलले.

हे मला सारजाबाईंनी सांगितलं. नवऱ्याची टिंगल न करता त्या काही सांगताहेत, असं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

बिरू बरा होऊन घरी आला. काही दिवसांनी वाड्यातली ठकू मानेवर गाठ आणि काखेत कोंबडी घेऊन त्याच्या दारात आली. कोंबडी त्यानं ठेवून घेतली. मानेला हात लावला नाही.

"मला ठाऊक न्हाई, ठकू," तो म्हणाला. "वरनं हात लावून कळत न्हाई."

आणि तिला एसटीत बसवायला भोरपर्यंत चालत गेला.