वणाखालची रेष

मी लिहायला बसावं हाच खरं तर आगाऊपणा. त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण पुढे जे लिहितोय ते मी घरच्यांना सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

आयर्लंडमध्ये ॲथलोनला एमएस्सी करताना मी संध्याकाळी एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे कामाला जायचो. त्यांना आंघोळ घालायची, जेवण गरम करून द्यायचं. सगळे त्यांना नुसतं पॅट म्हणत. माझी जीभ रेटेना — मी पॅट अंकल म्हणायचो. "अंकल म्हणतोस, मग वाढदिवसाला हात हलवत कसा येतोस?" ते विचारायचे.

त्यांना मधुमेह होता. पावलाला जंतुसंसर्ग झाला, लाली वर चढू लागली. इस्पितळाने गोळ्या देऊन घरी पाठवलं. घरी येणाऱ्या नर्सने लालीच्या कडेने पेनाने रेष ओढली आणि मला बजावलं — लाली रेषेबाहेर गेली तर लगेच फोन कर. रेष पुसू देऊ नकोस. मग म्हणाली, तू आहेस म्हणून मला काळजी नाही. हे वाक्य मी आईला फोनवर सांगितलं. आईने अख्ख्या आळीला.

आणि मीच ती रेष धुऊन टाकली. कोमट पाणी, साबण — आमच्याकडे पाय धुवायचे म्हणजे चोळूनच. "पाय आहे रे, पातेलं नाही," पॅट अंकल हसले. मीही हसलो. टॉवेलने टिपलं, तेव्हा पाय कोरा होता.

नर्सला फोन करायचा — एवढंच तर होतं. मी खिशातलं पेन काढलं.

अंदाजाने ओढली, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. पण अंदाज कसला? त्यांच्या नडगीवर कुंपणाच्या तारेने कापल्याचा जुना वण होता. नर्सची रेष त्या वणाच्या खाली होती. मला पक्कं आठवत होतं. लाली आता वणाच्या वर आली होती. मी रेष तिथे ओढली — लालीच्या कडेकडेने, शाळेत नकाशा काढावा तशी.

दुसऱ्या दिवशी नर्स आली. वाकून पाहिलं. "ग्रँड. आहे तिथेच आहे." माझ्याकडे बघून तिने मान डोलावली. मी चहा ठेवायला आत गेलो. तेव्हा बोललो असतो, तर त्यांना त्याच दिवशी इस्पितळात नेलं असतं. हे मला कळत नव्हतं का? कळत होतं.

पुढे ताप चढला, मग त्यांना नेलं. मी परीक्षा देऊन डब्लिनला नोकरीला आलो. चौकशी केली नाही.

परवा स्नेहलचा फोन आला. माझ्या जागी तिथे लागलेली मुलगी. तिला डब्लिनमध्ये खोली हवी होती. बोलता बोलता म्हणाली, पॅटचा पाय गुडघ्याखाली कापला, तुला कळलंच असेल. आता एकच धुवायचा असतो. "पण माझं धुणं त्यांना पसंत नाही रे. म्हणतात, पाय धुवावा तर त्या पोराने."