तळहाताखालचा फासा

वीस बाजूंचा फासा टेबलावर घरंगळत होता आणि तो थांबायच्या आत त्याच्यावर एक तळहात पडला. हात दादांचा होता.

"बास आता. पाहुणे आलेत. उठा सगळे, पुढच्या खुर्च्या भरा."

फासा टाकणाऱ्या काकू हात तसाच हवेत धरून माझ्याकडे बघत राहिल्या. दादांनी तळहात उचलला तेव्हा फासा त्यांच्या बोटांत होता. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "नंतर टाका की. कुठं पळून जातोय?"

ही सांगलीतल्या एका मंगल कार्यालयातली रविवारची दुपार. आठवली की अजून माझे कान तापतात.

आमचा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो टेबलाभोवती बसून मारलेल्या गप्पांसारखाच दिसतो. एकजण गोष्ट चालवतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपण काय करणार हे प्रत्येकाने तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे फाशाने ठरवायचं. फासा पडला की गोष्ट चालवणाऱ्यालाही तो बदलता येत नाही. या खेळात मान कुणाला असेल तर तो फाशाला.

हे मला दादांनीच शिकवलं. मी फलटण तालुक्यातल्या गावातली, मराठी शाळेत शिकलेली, घरातली पहिली पदवीधर. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आले तेव्हा वर्गात विचारायचा प्रश्न मी वहीत लिहून तसाच ठेवायचे. दादा दोन वर्षं पुढे होते. कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर त्यांचा खेळ चालायचा, सगळा इंग्रजीत. मी कडेला बसून ऐकायचे. एक दिवस त्यांनी माझ्या हातात फासा दिला आणि म्हणाले, "तू मराठीत बोल. राक्षसाला कळतंय मराठी." सगळे हसले, मीही हसले, आणि त्या दिवशी माझा आवाज मला सापडला. तो निळा फासा त्यांनी परत घेतला नाही. पुढे नोकरीसाठी साताऱ्यात आले, तेव्हाही तो माझ्या पर्समध्ये होता. हे उपकार मी नाकारत नाही. नाकारता आले असते तर राग एवढा आला नसता.

दादा आता सांगलीत स्वतःचा मेळावा भरवतात. शनिवार-रविवार, पुण्या-कोल्हापुराहून मुलं येतात, टेबलं मांडली जातात. या वेळी पहिल्यांदा त्यांनी मराठी टेबल ठेवलं आणि ते मला दिलं. जागा हॉलच्या मागच्या टोकाला, जेवणघराच्या दाराशी मिळाली. फोडणीचा ठसका लागला की आमचा खेळ थांबायचा. तरी मला आनंदच झाला होता. महिनाभर कामावरून घरी आल्यावर मी गोष्ट रचत होते. दोन नद्यांचा संगम, वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेले आणि पाण्याने वेढलेलं एक गाव.

शनिवारी सकाळी माझ्या टेबलावर एक खुर्ची रिकामी होती. कराडजवळच्या गावातल्या एक काकू आपल्या कॉलेजातल्या मुलीला सोडायला आल्या होत्या. नवरा फौजेत, घरचा ऊस, पंचेचाळिशीचं वय. मुलगी दुसऱ्या टेबलावर गेली आणि या पिशवी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या. मी म्हटलं, "काकू, या की बसायला."

"मला काय कळतंय गं त्यातलं?"

"पूर बघितलाय ना?"

"त्यो काय, दारातच येतोय."

"मग झालं तर."

त्या नावाडीण झाल्या. पहिला तास पदर तोंडाला लावून बोलल्या. दुपारपर्यंत टेबलावरच्या पोरांना दटावू लागल्या. "आरं, काय भाषण करतोस? आधी दोर पकड." मुक्काम सांगलीतच बहिणीकडे होता. रविवारी सकाळी त्या मुलीच्या आधी येऊन खुर्चीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "रात्रभर नावच डोळ्याम्होरं."

शेवटच्या प्रसंगात त्यांची नाव भर संगमात होती. नावेत दोन म्हातारे, एक ओली बाळंतीण आणि एक वासरू. मी म्हटलं, "वासरू सोडलंत तर दहा किंवा वर पडायला हवेत. ठेवलंत तर नाव जड, मग चौदा किंवा वर."

पोरं ओरडली, "काकू, सोडा वासरू!"

"गप रं. माझ्या नावंत चढलं ते माझं."

"बुडाल की ओ!"

"बुडीन न्हाईतर तरंन. तुजं काय जातंय? आण फासा."

मी माझा निळा फासा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि टाकला. आणि तळहात पडला.

पाहुणे म्हणजे ज्यांच्या शब्दावर कार्यालय सवलतीत मिळालं ते गृहस्थ. सकाळी येणार होते, उन्हं कलल्यावर आले. आपल्याकडे कार्यक्रम कशाचाही असो, सत्काराशिवाय तो झाला असं कुणाला वाटत नाही. रक्तदान असो, कुस्ती असो, नाहीतर आमचा खेळ. शाल हवी, नारळ हवा आणि समोर भरलेल्या खुर्च्या हव्यात. पाहुण्यांना वधूवरांच्या लाल मखमली सोफ्यावर बसवलं. शेजारची जागा रिकामी, त्यामुळे ते नवरी पळून गेलेल्या नवऱ्यासारखे दिसत होते.

काकू माझ्या कानाशी लागल्या. "बाय, पाचची कराड गाडी घावाय पायजे. म्होरं गावची शेवटची यष्टी हाय."

मी दादांना गाठलं. "दादा, दहा मिनिटं द्या. एकच फासा राहिलाय."

"अगं, हॉल रिकामा दिसतोय. त्यांचा मान ठेवायला नको?"

"दोन दिवस खेळल्यात त्या."

"खेळच आहे ना?"

मेळावा भरवणारा माणूस हे बोलला! खेळच आहे ना. मग आम्ही काय अक्षता टाकायला जमलो होतो?

पाहुणे बोलले. मोबाईल वाईट, मैदानी खेळ चांगले, आजच्या तरुणांनी असेच मैदानात उतरले पाहिजे. पंख्याखाली खुर्च्यांवर बसून खेळणारी पोरं एकमेकांना कोपर मारत टाळ्या वाजवत होती. काकू तिसऱ्या रांगेत पिशवी कवटाळून भिंतीवरचं घड्याळ बघत होत्या.

मग माईकवर माझं नाव आलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. "ग्रामीण भागातून, अत्यंत सामान्य घरातून येऊन..." असं सुरू झालं. मी खेळ कसा चालवते, गोष्ट कशी रचली, याबद्दल एक शब्द नाही. माझं कौतुक फक्त मी कुठून आले याचं. शिक्षण पूर्ण करून इतकी वर्षं झाली, स्वतःच्या पायावर उभी आहे, तरी प्रत्येक व्यासपीठावर मला त्या सामान्य घरात नेऊन उभं करतात आणि तिथून पुन्हा वर ओढतात. म्हणजे ओढणाऱ्याचा हात दिसतो.

दादांनी कोपराला धरून मला वर नेलं. शाल पडली, नारळ आला. वरून बघितलं तेव्हा काकू आणि त्यांची मुलगी दाराकडे निघाल्या होत्या. काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि हाताने फासा टाकल्याची खूण केली. मग रिकामी मूठ उघडून दाखवली.

"दोन शब्द बोल," दादा म्हणाले.

मी माईक घेतला. "मला सत्कार नको होता. मला दहा मिनिटं हवी होती."

आणि टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. कुणी ऐकतच नव्हतं. दोन शब्द झाले की टाळ्या, एवढंच लोकांना ठाऊक. पाहुण्यांनीही वाजवल्या.

मी शाल अंगावर तशीच ठेवून खाली उतरले, टेबलावरचा फासा उचलला आणि बाहेर रिक्षा केली. नारळ हातातच होता. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि विचारलं, "लग्न कुणाचं, ताई?" मी म्हटलं, "स्टँडवर घ्या, लवकर."

स्टँडवर कराड गाडी लागलेली होती, कंडक्टर चहाला गेलेला. काकू दाराशी रांगेत होत्या. मला बघून त्यांनी मुलीच्या हातात पिशवी दिली. "जागा धर गं."

"काकू, फासा."

"हितं?"

बाकावर मी शालीची घडी घातली, फासा उडू नये म्हणून. आजूबाजूचे दोघेतिघे वाकून बघू लागले. एक फेटेवाले आजोबा म्हणाले, "काय जुगार हाय का पोरींनो?"

"आवं, नाव हाय माजी संगमात," काकू म्हणाल्या. "जरा थांबा."

मी विचारलं, "वासरू?"

"नावंतच हाय."

फासा शालीवर पडला, एकदा कलंडला आणि थांबला. अकरा.

वासरू सोडलं असतं तर तरल्या असत्या. हे त्यांना माझ्याआधी कळलं. क्षणभर तोंड उतरलं. मग त्यांनी पदराने नाक पुसलं. "बुडाले."

"व्हय काकू."

"बुडू दे. माज्या हातानं तरी बुडाले. त्या बाबाच्या हाताखाली न्हाई." गाडीत चढता चढता त्या वळल्या. "पुन्यांदा खेळायचं तर आमच्याकडं ये. मारुतीच्या देवळाम्होरं सारवून देते. पावना एक बी येत न्हाई तिथं."

मी हॉलवर परतले तेव्हा पाहुणे गेले होते आणि कार्यालयाची माणसं टेबलं घडी करत होती. दादा मखमली सोफ्यावर एकटे बसले होते, दमलेले. त्यांना बघून मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून अजून राग आला.

"पाहुण्यांसमोर निघून गेलीस. मी तुला काय म्हणून टेबल दिलं होतं?"

"गेम चालवायला."

"कुठं गेली होतीस?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "किती पडले?"

"अकरा."

"म्हणजे बुडालीच ना ती? मग एवढा तमाशा कशाला केलास?"

या माणसाने मला हा खेळ शिकवला होता. काय पडलं याच्याशी माझं भांडण नव्हतंच. ते पडू द्यायचं होतं. हे त्यांना समजावून सांगावं लागावं, याचा मला जास्त राग आला, आणि मी समजावलं नाही.

शाल आणि नारळ मी सोफ्यावर त्यांच्या शेजारी, त्या रिकाम्या जागेवर ठेवले. निळा फासा ठेवला नाही. तो त्यांनी दिलेला होता, पण आता काकूंच्या गावी जाताना तो मला लागणार होता.