आप्पांच्या डांबरगोळ्या

पेपरात जे छापून येत नाही, ते पत्रकाराच्या डोक्यात साठत जातं. माझ्या डोक्यातल्या निम्म्या किश्शांना डांबरगोळीचा वास आहे! आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात जुन्या अंकांच्या फायली सांभाळायला आप्पा होते. कसर लागू नये म्हणून ते कपाटांत मुठीमुठीनं गोळ्या टाकायचे. परवा फायली स्कॅन करून ती खोली रिकामी केली. तिथं उगाच थोडा वेळ उभा राहिलो.

*

एकदा गोळ्या गायब! आप्पांनी शिपाई महादूला धरलं.

"मी काय खातोय व्हय त्या?" महादू भडकला.

मी कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या सरांना बोलावलं. ते म्हणाले, "हे नॅप्थालीन. घनाची थेट वाफ होते."

"मग ती जाती कुठं?" आप्पांनी विचारलं.

"तुमच्या फुप्फुसात!"

*

इचलकरंजीचा एक वाचक जुना अंक शोधायला आला आणि दहा मिनिटांत डोकं धरून बाहेर पडला.

"काय झालं पावणं?" आप्पांनी विचारलं.

"तुमच्या बातम्या लई कडक हायत की!"

*

मी चिडून लेख लिहिला. पाण्यात जेमतेम विरघळणारं, चरबीत सहज मुरणारं हे रसायन अंगात जास्त गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. कॅन्सरचाही संशय आहे.

संपादक म्हणाले, "शिरोलीच्या कारखान्यांच्या धुरावर लिहा. गोळीवरचं कोण वाचतंय?"

"साहेब, त्या धुरातही हेच असतं!"

शेवटी चार ओळी छापल्या. खाली जाहिरात होती, डांबरगोळ्यांची!

*

आप्पांची लेक गारगोटीहून बाळंतपणाला आली. बाळाला गुंडाळायला आप्पांनी ट्रंकेतली मऊ जुनी लुगडी काढली. गोळ्या घालून वर्षानुवर्षं जपलेली. तिसऱ्या दिवशी बाळ हळदीसारखं पिवळं झालं. डॉक्टरांनी लुगडं हुंगलं आणि लांब फेकलं.

"याच्या रक्तात जन्मतःच एक एन्झाइम कमी आहे. याला हा वासही विषच!"

रक्त बदलावं लागलं. दवाखान्याच्या बाकावर आप्पांशेजारी मी दोन दिवस बसून होतो. बाळ वाचलं.

पुढच्या आठवड्यात आप्पांनी सगळ्या गोळ्या काढून टाकल्या आणि फायली गच्चीवर उन्हात मांडल्या.

"आप्पा, कसर लागेल!"

"लागू दे. घरात गेलं की लेक आधी माझं हात हुंगती. वास आला तर बाळ देत न्हाय."

त्या संध्याकाळी घरी निघताना त्यांनी साबणानं तीनदा हात धुतले. मग माझ्या टेबलाशी आले आणि दोन्ही तळवे माझ्या नाकापुढं धरले.

"हुंग की जरा!"